कॅलस कल्चरला प्रकाश द्यावा की अंधार? औषधी संयुगांच्या दृष्टीने विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका औषधी वनस्पतीच्या पानापासून आपण कॅलस, म्हणजे कोणत्याही अवयवाचे रूप न घेतलेल्या पेशींचा गोळा, तयार केला आणि त्याचे दोन भाग केले. एक भाग रोज १६ तास पांढऱ्या एलईडीखाली ठेवला, दुसरा पूर्ण अंधारात. चार आठवड्यांनी प्रकाशातला कॅलस हिरवट आणि घट्ट झाला व त्यातील एकूण फिनॉलचे प्रमाण अंधारातल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आले; परंतु ज्या अल्कलॉइडसाठी (नायट्रोजनयुक्त औषधी संयुगासाठी) हे काम हाती घेतले, ते दोन्ही भागांत जवळजवळ सापडलेच नाही. आता निळा प्रकाश द्यावा, लाल द्यावा की दोन्हींचे मिश्रण, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते रंगाचा निर्णय सर्वांत शेवटी येतो. आपल्याला हवे असलेले संयुग ती वनस्पती आपल्या कोणत्या अवयवात आणि कशासाठी तयार करते, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो. त्याचे उत्तर हाती असेल, तर प्रकाश उपयोगी पडेल की नुकसान करेल याचा अंदाज प्रयोगापूर्वीच बऱ्यापैकी बांधता येतो.

कल्चरमधील प्रकाश हा अन्न म्हणून काम करत नाही, हे आधी पक्के धरावे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माध्यमात आपण साधारणपणे लिटरमागे ३० ग्रॅम साखर घालतो, त्यामुळे पेशींना कार्बन आयता मिळतो. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, तर कल्चर रूमच्या मांडणीवर ते ३० ते ६० इतकेच असतात. एवढ्या मंद प्रकाशात, साखरेने भरलेल्या माध्यमावर आणि बंद बरणीतील तोकड्या कार्बन डायऑक्साइडवर प्रकाशसंश्लेषणाचा वाटा अगदी लहान राहतो. असे असूनही कॅलसचा रंग, घट्टपणा आणि रसायन बदलते, कारण पेशी प्रकाशाला संदेश म्हणून वाचतात आणि संदेश वाचायला फार थोडे प्रकाशकण पुरतात.

हा संदेश वाचणारे प्रथिनरेणू तरंगलांबीनुसार वेगवेगळे आहेत. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ७३० च्या आसपासचा अतिलाल प्रकाश फायटोक्रोम ओळखते. निळा आणि त्यालगतचा जंबुपार (यूव्ही) प्रकाश क्रिप्टोक्रोम व फोटोट्रॉपिन ओळखतात. आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्ही-बी पट्टा यूव्हीआर-८ हे प्रथिन ओळखते, ज्याची ही भूमिका २०११ मध्ये स्पष्ट झाली. अंधारात सीओपी-१ नावाचे प्रथिन एचवाय-५ या जनुकनियंत्रकाला सतत नष्ट करवत असते. प्रकाशग्राही जागे झाले की सीओपी-१ चा हा अंमल सैल पडतो, एचवाय-५ पेशीत साठू लागते आणि फ्लेव्होनॉइड बनवणाऱ्या एंझाइमांची जनुके, विशेषतः चाल्कोन सिंथेजचे जनुक, कामाला लागते. आपल्या कॅलसमधील फिनॉल वाढण्यामागे बहुधा हीच साखळी आहे. फिनॉलचा बराच मोठा वर्ग पेशीसाठी ऊन-संरक्षक लेप असतो. प्रकाश दिसला की पेशी तो लेप वाढवते. अल्कलॉइडचे काम वेगळे असल्याने त्याच्यावर याच संदेशाचा तसाच परिणाम होईल, असे मानायला आधार नाही.

या लेपाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पार्सलीच्या पेशींचे आहे आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ते आधी सांगतो. १९७० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्ग येथे क्लाउस हालब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्सलीच्या पेशी द्रव माध्यमात अंधारात वाढवल्या. त्या पेशींत फ्लेव्होनॉइड जवळजवळ नव्हते. त्यांना जंबुपार घटक असलेला प्रकाश दाखवताच काही तासांत फेनिलअॅलानिन अमोनिया-लायेज (या मार्गातील पहिले एंझाइम) आणि त्यापुढील एंझाइमांची क्रियाशीलता वर चढली आणि मागोमाग फ्लेव्होनॉइड साठू लागले. याच पेशींना प्रकाशाऐवजी बुरशीच्या पेशीभित्तीचा अर्क दिला, तर फेनिलअॅलानिनपासूनचा तोच प्रारंभिक मार्ग जागा होतो, पण शेवटी फ्युरानोकूमारिन तयार होतात, जी बुरशीविरुद्धची अस्त्रे आहेत. दोन्ही एकाच वेळी दिले, तर बुरशीचा संदेश वरचढ ठरतो आणि जंबुपार प्रकाशाने सुरू झालेली फ्लेव्होनॉइडची निर्मिती दाबली जाते. एकच पेशी कच्चा माल तोच वापरून, कोणते संकट समोर आहे ते पाहून वेगळे उत्पादन काढते. म्हणूनच प्रकाश आणि जॅस्मोनेटसारखे (वनस्पतीच्या संरक्षण-संप्रेरकासारखे) उद्दीपक एकत्र दिले की परिणामांची बेरीज होईल, हा समज मला धोक्याचा वाटतो. काही वेळा बेरीज होते, काही वेळा एक दुसऱ्याला खातो. आपल्या कल्चरमध्ये काय होते ते स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय दोन्ही एकत्र देऊ नये.

याच्या अगदी उलट टोकाला शिकोनिन आहे. लिथोस्पर्मम एरिथ्रोऱ्हायझन या वनस्पतीच्या मुळांच्या बाहेरील थरात हे लाल रंगद्रव्य साठते. क्योतो येथे मामोरू ताबाता यांच्या गटाने १९७४ मध्ये या वनस्पतीच्या कॅलसमध्ये शिकोनिन मिळवले आणि प्रकाशाने, त्यातही निळ्या प्रकाशाने, त्याची निर्मिती थांबते असे दाखवले. कॅलस अंधारात लाल होतो आणि प्रकाशात फिकट राहतो. पुढे १९८३ मध्ये जपानमधील मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने पेशीसंवर्धनातून शिकोनिनचे व्यापारी उत्पादन सुरू केले. वनस्पतीच्या पेशींपासून दुय्यम चयापचयाचे एखादे संयुग या प्रमाणावर काढण्याचा तो पहिला यशस्वी प्रयत्न होता. तिथे वाढीसाठी एक माध्यम आणि निर्मितीसाठी दुसरे, अशी दोन टप्प्यांची पद्धत होती. मुळांच्या सालीतील द्रव्य नैसर्गिकरीत्या मातीत, म्हणजे अंधारातच तयार होते. प्रकाश दिसणे म्हणजे त्या पेशीच्या दृष्टीने आपण मुळाच्या आत नाही असा निरोप मिळण्यासारखे आहे.

यावरून पानाफुलांच्या पृष्ठभागावरील रंगद्रव्यांना प्रकाश आणि मुळांतील द्रव्यांना अंधार, असा एक ढोबळ नियम निघतो. तो सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्यावर फार विसंबू नये. कोलियसच्या पेशींत रोस्मारिनिक आम्ल हे फिनॉलच असते, तरी माध्यमातील साखर वाढवली की ते पेशींच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या भागापर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. तिथे निर्णायक घटक साखर होता. टॅक्ससच्या पेशींमधील टॅक्सॉल हे त्या झाडाच्या खोडाच्या सालीतून प्रथम मिळवलेले कर्करोगावरील औषध. त्या पेशींना पांढरा प्रकाश दिल्यास ते अंधारातल्यापेक्षा कमी मिळते, असे १९९० च्या दशकात टॅक्सस कस्पिडाटावरील कामात दिसले. मोठ्या बायोरिअॅक्टरमध्ये अंधारातली निर्मिती हा खरे तर फायदाच असतो, कारण दाट निलंबनात प्रकाश काठापासून थोडे अंतरच आत शिरतो आणि मधल्या पेशी काहीही केले तरी अंधारातच राहतात.

आता आपल्या अल्कलॉइडकडे येतो. इथे सदाफुलीचा दाखला सर्वांत जवळचा आहे. तिच्यातील व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन या दोन अल्कलॉइडांच्या जोडणीतून बनते. कॅथरँथिन पेशीसंवर्धनात मिळते, अंधारातही मिळते. व्हिंडोलिन मात्र मिळत नाही. त्याच्या मार्गातील शेवटच्या पायऱ्या पानातील चीकवाहिन्या आणि काही विशिष्ट पेशींमध्ये होतात, आणि शेवटून दुसऱ्या पायरीचे एंझाइम फायटोक्रोमच्या मार्फत प्रकाशाने जागे होते. अंधारात रुजवलेल्या सदाफुलीच्या रोपात टॅबरसोनिन हा पूर्वगामी (ज्यापासून व्हिंडोलिन बनते तो रेणू) साठून राहतो आणि रोप प्रकाशात आणले की त्याचे व्हिंडोलिन होऊ लागते. परंतु हाच प्रकाश सैल, अविभेदित कॅलसवर कितीही टाकला तरी व्हिंडोलिन येत नाही, कारण संदेश पोहोचला तरी तो अमलात आणणाऱ्या पेशीच तिथे नसतात. आपले संयुग पानातल्या किंवा ग्रंथींमधल्या विशिष्ट पेशींत बनणारे असेल, तर आपल्या दोन्ही कॅलसांत ते न सापडण्याचे कारण हेच असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. अशा वेळी एलईडीचा रंग बदलण्यापेक्षा कॅलसवरून कोंबांच्या कल्चरकडे वळणे, आणि संयुग मुळांतले असेल तर अॅग्रोबॅक्टेरियम या मातीतील जिवाणूच्या साहाय्याने केशमुळे (माध्यमात वेगाने वाढणारी बारीक मुळे) तयार करणे, हा मार्ग अधिक फलदायी ठरतो. कोंब तयार झाल्यावर प्रकाशाचा प्रश्न पुन्हा विचारावा. तेव्हा त्याला अर्थ असेल.

आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या बाबतीत प्रकाशाची आणखी एक भूमिका दिसते, जिचा विचार फारसा कोणी करत नाही. आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीत डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्लापासून आर्टेमिसिनिन होण्याची अखेरची पायरी मुख्यतः एंझाइमाशिवाय, प्रकाश आणि सक्रिय ऑक्सिजनच्या क्रियेने घडते. म्हणजे प्रकाश इथे जनुकांना निरोप देण्यापलीकडे जाऊन थेट रासायनिक अभिकर्मकासारखा वागतो. अशा संयुगाच्या अभ्यासात पूर्वगामी रेणूही मोजला नाही, तर पेशीने जास्त बनवले की बनलेल्याचे रूपांतर जास्त झाले, हे कळायला मार्ग राहत नाही.

येथपर्यंत पेशीचे झाले. परंतु प्रकाश पेशीवर पडतो तसा माध्यमावरही पडतो, आणि माझ्या अनुभवात चुकीचे निष्कर्ष सर्वाधिक निघतात ते या ठिकाणी. माध्यमातील लोह ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रेणूशी बांधलेल्या रूपात असते. निळ्या आणि त्याखालच्या तरंगलांबीच्या प्रकाशात हे संयुग तुटते, ईडीटीए नाश पावते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होते, जे मुळांची वाढ रोखते. हे १९९१ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. माध्यमातील इंडोल अॅसेटिक आम्ल हे ऑक्झिन (वाढीचे संप्रेरक) ही प्रकाशात झपाट्याने घटते, आणि माध्यमात रायबोफ्लेविन असेल तर हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. निळ्या एलईडीखाली वाढ कमी झाली आणि फिनॉल वाढले, असे दिसले की आपण ते क्रिप्टोक्रोमच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. प्रत्यक्षात पेशी कमी लोह, कमी ऑक्झिन आणि थोडेसे विष यांच्याशी झगडत असू शकतात, आणि ताणाखालील पेशी फिनॉल वाढवतेच.

हे मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत निळ्या प्रकाशाखाली केशमुळांची वाढ खुंटलेली पाहून मी त्यावर प्रकाशग्राहींचे मोठे स्पष्टीकरण लिहून ठेवले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले म्हणून माध्यमाच्या रिकाम्या बरण्या दहा दिवस त्याच निळ्या प्रकाशात ठेवल्या आणि नंतर त्यांत मुळे घालून त्या पूर्ण अंधारात वाढवल्या. मुळे तशीच खुंटली. त्या दिवसापासून आधी प्रकाशात ठेवलेले माध्यम आणि पेशी अंधारात, हा नियंत्रण-गट मी कोणत्याही प्रकाश-प्रयोगातून वगळलेला नाही. आपणही तो ठेवावा. तयार केलेले माध्यम वापरेपर्यंत अंधारात ठेवावे, आणि ऑक्झिनची गरज असेल तिथे इंडोल अॅसेटिक आम्लाऐवजी प्रकाशात अधिक टिकणारे नॅप्थॅलीन अॅसेटिक आम्ल चालते का ते पाहावे. २,४-डी हे कृत्रिम ऑक्झिन वापरत असाल तर त्याचे प्रमाणही तपासावे. शिकोनिन आणि गाजराच्या पेशींतील अँथोसायनिन या दोन्हींच्या बाबतीत ते निर्मिती दाबते हे माहीत आहे, आणि तो दाब असताना प्रकाशाचा परिणाम झाकला जाऊ शकतो.

तापमानाचेही तसेच आहे. दिव्याखालची बंद बरणी खोलीपेक्षा एक-दोन अंशांनी, कधी त्याहून जास्त, गरम होते, तर काळ्या कापडात गुंडाळलेली बरणी वेगळ्याच तापमानावर राहते. खोलीच्या भिंतीवरील तापमापक यातले काहीच सांगत नाही. एका बरणीच्या माध्यमात बारीक तापमान-संवेदक खोचून प्रकाशात आणि अंधारात दोन्हीकडे २४ तास मोजावे. बरणीच्या भांड्याविषयी एवढेच सांगतो, की साधी काच आणि पॉलिकार्बोनेट यूव्ही-बी बहुतांशी अडवतात. त्यामुळे बाहेरून यूव्ही-बी दिवा लावून आत काही झाले नाही, तर त्यावरून पेशी प्रतिसाद देत नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

आपण प्रकाश लक्समध्ये दिला आहे. रंगांची तुलना करायची असेल तर लक्समापक बाजूला ठेवावा. तो मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेला असतो, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. ४५० च्या निळ्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के आणि ६६० च्या लालला सुमारे ६ टक्के. एकाच लक्सचा निळा आणि पांढरा प्रकाश दिला, तर निळ्यातून प्रत्यक्षात कितीतरी पट अधिक प्रकाशकण पेशींवर पडतात आणि तुलना तिथेच बिघडते. वॉटवर केलेली तुलनाही सदोष ठरते, कारण ४५० नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा ६६० च्या प्रकाशकणाच्या जवळजवळ दीडपट असते. प्रत्येक रंगात प्रकाशकणांची संख्या सारखी करून घ्यावी, मोजणी बरणीच्या आत, कॅलसच्या पातळीवर करावी आणि मांडणीच्या कडेला व मध्यभागी किती फरक आहे तेही लिहून ठेवावे. फक्त पांढऱ्या ट्यूबलाइटपुरते काम असेल, तर ३००० लक्स म्हणजे साधारण ४० मायक्रोमोल, एवढा अंदाज चालतो.

संयुग मोजण्याच्या बाबतीत तीन गोष्टी सुचवतो. अंधारातला कॅलस बहुधा सैल आणि पाणीदार असतो, प्रकाशातला घट्ट; म्हणून ओल्या वजनावरची तुलना दिशाभूल करते, आकडे कोरड्या वजनावरच द्यावेत. फोलिन पद्धतीने येणारा एकूण फिनॉलचा आकडा हा प्रत्यक्षात क्षपणक्षमतेचा आकडा असतो आणि त्यात अॅस्कॉर्बिक आम्लासारखे इतर पदार्थही मिसळतात, म्हणून तो प्राथमिक चाळणीपुरता ठेवून पुढचे काम एचपीएलसीवर (संयुगे वेगळी करून एकेक मोजणाऱ्या यंत्रावर) करावे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रॅममागे किती मिळाले याबरोबर लिटरमागे किती मिळाले तेही लिहावे. समजा, अंधारात लिटरमागे १२ ग्रॅम कोरड्या पेशी आणि ग्रॅममागे ४ मिलिग्रॅम संयुग मिळाले, तर एकूण ४८ मिलिग्रॅम होतात. प्रकाशात ७ ग्रॅम पेशी आणि ग्रॅममागे ६ मिलिग्रॅम मिळाले, तर एकूण ४२. प्रमाण दीडपट झाले आणि उत्पादन घटले. प्रकाशामुळे वाढ मंदावणे ही कॅलसमध्ये नेहमी दिसणारी गोष्ट असल्याने हा हिशेब टाळता येत नाही. अर्क काढतानाही खोलीतील दिवे मंद ठेवावेत. ट्रान्स-रेस्व्हेराट्रॉल जंबुपार प्रकाशात सिस रूपात बदलते, तसे आपल्याही संयुगाचे होत नाही ना, हे शुद्ध नमुना उघड्या प्रकाशात ठेवून एकदा पाहून घ्यावे.

पुढच्या प्रयोगासाठी माझी सूचना अशी आहे. मूळ वनस्पतीची पाने, खोड आणि मुळे वेगवेगळी घेऊन त्यांत आपले अल्कलॉइड कुठे आहे ते आधी मोजावे. या कामाला एक आठवडा पुरतो आणि पुढचे कित्येक महिने वाचतात. ते पानातच असेल तर कोंबांचे कल्चर उभे करावे. मुळांत असेल तर केशमुळे अंधारात वाढवावीत. ते सर्व अवयवांत सारखे सापडत असेल, तर मात्र आपला कॅलस पुन्हा घ्यावा आणि सतत प्रकाश किंवा सतत अंधार अशी तुलना न करता सर्व बरण्या तीन आठवडे अंधारात वाढवून घ्याव्यात. पेशींचे वस्तुमान तयार झाल्यावर त्यांचे गट पाडावेत: एक अंधारातच ठेवावा, एकाला सारख्याच प्रकाशकणांचा निळा आणि एकाला लाल प्रकाश द्यावा, आणि चौथ्या गटातील पेशी आधीच निळ्या प्रकाशात ठेवलेल्या ताज्या माध्यमावर हलवून अंधारात ठेवाव्यात. इतर तीन गटही त्याच दिवशी ताज्या, अंधारात ठेवलेल्या माध्यमावर हलवावेत, म्हणजे सबकल्चरचा (ताज्या माध्यमावर हलवण्याचा) धक्का सर्वांना सारखाच बसेल. त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, रोज ठरावीक वेळी, प्रत्येक गटातील किमान पाच बरण्या काढून त्या लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवाव्यात. काढलेली बरणी पुन्हा मांडणीवर ठेवू नये. प्रत्येक दिवसाच्या मोजणीसाठी बरण्या वेगळ्याच असाव्यात.